ट्यूनर म्हणून विकलेला रेझिस्टर

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ सारख्या मोटरसायकलला धूर मोकळा सोडणारा फ्री-फ्लो सायलेन्सर आणि जास्त हवा घेणारा एअर फिल्टर बसवला, की इंजेक्शन, म्हणजे इंजिनात पेट्रोल सोडण्याचे प्रमाण, ट्यून करून घ्यावे लागते, ही गोष्ट खरी आहे, आणि मला ज्यांनी फसवले त्यांचा धंदा ह्याच खऱ्या गोष्टीवर उभा आहे. इंजिनात जाणारी हवा वाढते, पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही, मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात आणि घाटात इंजिन नको तितके तापते. त्यात आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल (ई-२०). निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला हे मिश्र पेट्रोल अधिक सोडावे लागते, आणि आधीच्या प्रदूषण मानकाच्या जुन्या बीएस-४ गाडीच्या मॅपमध्ये, म्हणजे पेट्रोल किती सोडायचे ह्याच्या तक्त्यात, त्याची तरतूद असेलच असे नाही. गरज खरी असल्यामुळे ग्राहक स्वतःहून दुकानात येतो, आणि पुढचे काम विक्रेत्याला सोपे जाते.

पुण्याच्या एका उपनगरातील अशाच दुकानाने मला १८,५०० रुपयांना ‘प्रोग्रॅमेबल ट्यूनर’ विकला. काडेपेटीहून थोडा मोठा काळा डबा, एका बाजूला यूएसबीचे पोर्ट, वर लुकलुकणारा हिरवा दिवा आणि ‘सील तोडल्यास वॉरंटी रद्द’ असे स्टिकर. बसवताना मुलाने डायग्नॉस्टिक पोर्टला केबल लावून लॅपटॉप उघडला, पडद्यावर आरपीएम आणि थ्रॉटलचे आकडे हलू लागले, आणि तो गंभीरपणे म्हणाला, ‘‘सर, तुमच्या सायलेन्सरचा मॅप आता लोड होतोय, चावी बंद करू नका.’’ प्रत्यक्षात ती केबल गाडीच्या ईसीयूमधील, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातील, आकडे वाचत होती, आणि डब्याशी तिचा कोणताही संबंध नव्हता. ह्या धंद्यातला हा भाग मला सर्वांत कसबी वाटतो, कारण पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट खरी असते.

गाडी नेल्यावर पहिल्या काही दिवसांत फरक जाणवतो, हेही मान्य केले पाहिजे. सकाळी इंजिन लवकर सुरू होते, फटाके थोडे कमी होतात, खालच्या आरपीएमला पिकअप बरा वाटतो. त्यानंतर फटाके परतले, मायलेज घसरले आणि स्पार्क प्लग काढून पाहिला तर त्यावर सुकी काळी काजळी धरलेली होती. दुकानातून उत्तर आले, की ईसीयू अजून ‘शिकतो आहे’, थोडे किलोमीटर होऊ द्या.

ईसीयू खरोखरच शिकत होता, पण दुकानदाराला अभिप्रेत असलेल्या अर्थाने नव्हे. थ्रॉटल किती उघडला आहे, इंजिन किती फेरे घेत आहे, आत येणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान किती आहे, ह्यांवरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ईसीयू ठरवतो. एका वेगाने शांतपणे गाडी चालत असताना बेंड पाइपमधील ऑक्सिजन सेन्सर त्या निर्णयाची तपासणी करतो. मिश्रण लीन असेल तर तो साधारण ०.१ व्होल्ट आणि रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास संकेत देतो, आणि त्यानुसार ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करून पुन्हा मूळ प्रमाणावर येतो. म्हणजे दुसऱ्या एखाद्या सेन्सरला फसवून पेट्रोल वाढवले, तर ह्या टप्प्यात ऑक्सिजन सेन्सर ते हळूहळू परत काढून घेतो. थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर मात्र त्याचे म्हणणे बाजूला ठेवले जाते, आणि तेथे ते फसवे जादा पेट्रोल तसेच जळत राहते.

संशय पक्का केला तो दुकानाने दिलेल्या डायनोच्या, म्हणजे चाकावरची शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या, छापील आलेखाने. त्यावर मागच्या चाकावर २९.८ हॉर्सपॉवर दाखवली होती. हिमालयन ४११ ची कंपनीने जाहीर केलेली शक्ती ६,५०० आरपीएमला सुमारे २४.५ हॉर्सपॉवर आहे, आणि तीही क्रँकवरची, म्हणजे इंजिनातून बाहेर पडतानाची. चेन आणि गिअरबॉक्समध्ये काही भाग गमावून चाकावर त्याहून कमीच मिळते. दोन व्हॉल्व्हच्या ह्या शांत प्रकृतीच्या इंजिनातून नुसते पेट्रोल जुळवून आणखी एक-दोन हॉर्सपॉवर निघाली, तरी ते चांगले काम म्हणावे. त्याहून बोलका तपशील कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत होता: तापमान १९ अंश, हवेचा दाब १०१३ मिलिबार. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा प्रत्यक्ष दाब साधारण ९४० ते ९५० मिलिबार असतो, आणि १०१३ हा समुद्रकाठचा आकडा आहे. शिवाय माझी गाडी तेथे उभी होती ती मे महिन्यातल्या भर दुपारी. तो आलेख पुण्यात, माझ्या गाडीवर, त्या दिवशी काढलेला असणे शक्यच नव्हते. पुढे त्याच दुकानातून ट्यूनर घेतलेल्या दुसऱ्या एका हिमालयनवाल्याची ओळख निघाली, तेव्हा त्याच्याकडेही तोच कागद होता. सायलेन्सर वेगळा, फिल्टर वेगळा, महिना वेगळा, आणि आलेखाच्या रेषेतील ५,२०० आरपीएमजवळची बारीक खोच मात्र हुबेहूब तीच.

डबा उघडण्याचे काम आमच्या शेजारच्या काकांनी केले. त्यांचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. आत ओतलेले काळे इपॉक्सी त्यांनी हॉट एअर गनने मऊ केले आणि ब्लेडने थर खरवडून काढले. यूएसबी पोर्टच्या चार पायांपैकी दोनच पायांना डाग दिलेला होता, आणि त्या दोन तारा हिरव्या दिव्याकडे जात होत्या. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे हिशेब करणारी चिप, नव्हता, मेमरी नव्हती. गाडीकडून येणाऱ्या दोन तारांच्या मध्ये तपकिरी, काळा, लाल आणि सोनेरी पट्ट्यांचा एकच रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा साधा भाग, होता. काकांनी तो चिमट्यात धरून मला दाखवला आणि म्हणाले, ‘‘एक के, म्हणजे हजार ओहम. बाजारात रुपया-दोन रुपयांत मिळेल. बाकी ह्यात काहीच नाही रे.’’

हा रेझिस्टर हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडला होता. हवा गार झाली की ह्या सेन्सरचा रोध वाढतो; नेहमीच्या प्रकारात तो २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम असतो. मध्ये एक हजार ओहम घातले, की ईसीयूला हवा आहे त्यापेक्षा दहा-वीस अंशांनी गार भासते. गार हवा दाट, म्हणून तो पेट्रोल थोडे वाढवतो. तापलेल्या हवेत सेन्सरचा स्वतःचा रोध बराच कमी झालेला असतो, त्यामुळे हीच भर तेथे अधिक मोठी ठरते. म्हणजे उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये, इंजिनाखालची गरम हवा आत येत असताना हा डबा सर्वांत जास्त खोटे बोलतो. तापमान सेन्सरवर चालणारी उपकरणे त्याच स्पष्ट नावाने विकली जातात, आणि त्यांचा मर्यादित उपयोग आहे. माझी तक्रार आहे ती मॅप, सायलेन्सरनुसार ट्यूनिंग आणि डायनो ह्यांच्या नावाने रेझिस्टर विकण्याबद्दल.

खरा पिगीबॅक, म्हणजे मूळ ईसीयूला जोडून चालणारा, ट्यूनर ओळखण्यासाठी डबा फोडावा लागत नाही. पॉवर कमांडर किंवा बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक ह्यांसारखे उपकरण ईसीयू आणि इंजेक्टर ह्यांच्या मध्ये बसते, आणि त्याचा कपलर (तारांचा जोड) इंजेक्टरच्या कपलरला जोडलेला दिसतो. दुसरा मार्ग ईसीयू फ्लॅश करण्याचा, म्हणजे गाडीच्या मेमरीतील मूळ मॅपच बदलण्याचा. तेथे वेगळा डबा नसतो, परंतु मूळ फाइल काढून तुमच्या हाती देता येते, आणि चांगला ट्यूनर ती देतो. जे उपकरण इंजेक्टरच्या तारेला किंवा ईसीयूच्या मेमरीला हातच लावत नाही, त्यात कोणत्याही सायलेन्सरचा मॅप असू शकत नाही. मॅप म्हणजे आरपीएम आणि थ्रॉटल ह्यांचा तक्ता असतो. तो लॅपटॉपवर उघडून दाखवा, एक आकडा बदला, उपकरणाची केबल काढून पुन्हा जोडा आणि बदललेला आकडा तसाच आहे का ते दाखवा, एवढी मागणी केली तरी माझ्यासारखा डबा विकणारा अडकतो. डायनोवर आपण स्वतः उभे राहावे, काम करण्याआधीची आणि नंतरची फेरी एकाच दिवशी घ्यावी, आणि शक्तीच्या रेषेखाली हवा-पेट्रोल प्रमाणाची रेषाही मागावी. ती हे प्रमाण नेमके मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरशिवाय काढता येत नाही, म्हणून खोट्या कागदावर बहुधा नसते. माझ्या कागदावर नव्हती.

पैसे परत मागितल्यावर दुकानदार आधी सीलवर आला: ‘‘साहेब, सील तुम्हीच तोडलंत.’’ दुसऱ्या ग्राहकाचा आलेख समोर ठेवल्यावर त्याचा सूर बदलला आणि तो म्हणाला, ‘‘करा की तक्रार. पहिला दंड तुमच्या सायलेन्सरचा लागेल.’’ हा धंदा टिकून आहे तो ह्या वाक्यावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर निर्बंध आहेत, पुण्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोड रोलर फिरवलेला लोकांनी पाहिला आहे, आणि मॉडिफाय केलेल्या गाडीचा मालक म्हणूनच पोलीस ठाण्याची किंवा ग्राहक आयोगाची पायरी चढायला कचरतो. पण सायलेन्सरचा नियमभंग आणि खोटी वस्तू विकणे ह्या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि पहिलीमुळे दुसरी माफ होत नाही. मी कंपनीचा सायलेन्सर पुन्हा बसवला आणि मग तक्रार दाखल केली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. माझ्याकडे जीएसटीचे बिल नव्हते, कारण दुकानाने ते दिलेच नाही. वहीतल्या कागदावरची पावती, यूपीआयची नोंद आणि ‘तुमचा मॅप तयार आहे’ हा व्हॉट्सअॅपवरचा निरोप मी पुरावा म्हणून जोडला आहे. दुकानाने अजून लेखी म्हणणे दिलेले नाही. मधल्या काळात तोच डबा निळ्या आवरणात, ‘ई-२० साठी खास’ असे छापून विकला जातो आहे, आणि किंमत दोन हजारांनी वाढली आहे. ज्यांच्याकडे १०१३ मिलिबार आणि १९ अंश छापलेला पुण्याचा म्हणून दिलेला आलेख असेल, त्यांनी तो फेकू नये, डबा स्वतः उघडू नये, आणि उघडायचाच असेल तर साक्षीदारासमोर, सील दिसेल असे चित्रीकरण करून उघडावा.