टिन व्हिसल की बौरान?

डब्लिनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला तिथल्या पबमध्ये आयरिश लोकसंगीत वाजवायला जमणाऱ्या हौशी वादकांच्या सेशनमध्ये बसायचंय. टिन व्हिसल, म्हणजे धातूची छोटी उभी बासरी, घ्यावी की बौरान, म्हणजे डफासारखं चर्मवाद्य, यावर ती अडलीये.

खर्चात व्हिसल सरस. डी सुराची साधी पितळी व्हिसल दहा-पंधरा युरोत येते आणि वर्षानुवर्षं टिकते. बरा बौरान शंभराच्या पुढे. शिवाय त्याला बकऱ्याचं कातडं. दमट हवेत ते सैल पडतं, नाद उतरतो. म्हणून ताण कमीजास्त करायचे स्क्रू असलेलाच घ्यावा.

खरा फरक मेहनतीत. व्हिसलला सहा भोकं, बासरीवर हात बसलेल्याला ओळखीची. फुंकर जरा वाढवली की वरचं सप्तक. पण जिग आणि रील या नाचाच्या चाली ढिगाने पाठ असाव्या लागतात, आणि कट, रोल या सुरांच्या हरकती बोटांत आल्या नाहीत तर चाल कोरडी वाटते. बौरानवर चाल वाजवायची नसते, तरी ती कानात पक्की हवी. एका हातात टिपर, म्हणजे वाजवायची छोटी काठी, दुसरा आतून कातडं दाबून नाद बदलतो. त्यात एका सेशनला बहुधा एकच बौरान पुरतो. आधीच कुणी वाजवत असेल तर आपण थांबायचं.

चाली शिकून सगळ्यांबरोबर वाजवायचं असेल तर व्हिसल. ताल अंगात असेल आणि बराच वेळ नुसतं ऐकायची तयारी असेल तर बौरान.