विशारद करू की गुरूंकडे तालमीला बसू?

भाची विचारतेय, गाण्यातच करिअर करायचंय तर विशारदपर्यंतच्या परीक्षा देऊ की एका गुरूंकडे तालमीला बसू.

वेळेचं म्हणशील तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा 7 परीक्षा, म्हणजे शेवट दिसतो तरी. तालमीला शेवटच नाही, एकच राग महिनोन्‌महिने घोटायची तयारी पाहिजे. फी परीक्षेची ठरलेली, गुरूंकडे प्रत्येकाचं वेगळं.

आता गळा, आणि इथे मला तरी तालीमच खूप वरचढ वाटते. परीक्षेमुळे राग, ख्याल, थिअरी, ताल लिहिणं असा पाया पक्का होतो, पण आलाप कसा वाढवायचा, श्वास कुठे घ्यायचा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसं यायचं हे समोर बसूनच येतं गं. गायिका गंगूबाई हनगल हुबळीहून ट्रेनने कुंदगोळला गुरू सवाई गंधर्वांकडे जायच्या त्या यासाठीच, किशोरीताई आमोणकरांना तर घरातच आई मोगूबाई गुरू होत्या.

नोकरीत मात्र कागद विचारतात, त्यामुळे शाळेत शिकवायचं असेल तर विशारद कर. मैफली गायच्या असतील तर तालीम, आणि रोजचा रियाज सांभाळून जमत असेल तर परीक्षाही दे सोबत, त्या काही आड येत नाहीत.