मोंढ्यातली पट्टी एक्सएमएलनं पाठवताना: सोयाबीन ते हरभरा, एका हंगामाचा अनुभव

अडत दुकानाचं वेब ॲप शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचं वजन, भाव आणि वजावटीचं बिल) तयार करतं, आणि तेलगिरणीच्या खरेदीचं वेब ॲप तीच पट्टी वाचून माल जमा करून घेतं. दोन्ही ॲप वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली, डेटाबेस वेगळे. मधली देवाणघेवाण एक्सएमएलमधून, म्हणजे प्रत्येक माहिती नावाच्या टॅगांमध्ये ठेवणाऱ्या मजकूर-फाइलमधून, चालते. लातूर भागात सोयाबीनची आवक सुरू झाली तेव्हापासून तूर आणि आता हरभऱ्यापर्यंत हीच व्यवस्था वापरात आहे. मत आधीच सांगून टाकतो: जिथं एका कागदावर नाव, वजन, भाव, ओलावा, हमाली, तोलाई असं सगळं येतं आणि त्यावर पैसे चुकते होतात, तिथं एक्सएमएलचा कडकपणा कामाचा आहे. पण हा कडकपणा आपोआप मिळत नाही, तो बसवून घ्यावा लागतो.

सगळ्यात मोठा फायदा तुटलेल्या फाइलचा. मोंढ्यात वीज जाते, राउटर बंद पडतो, अपलोड मध्येच थांबतं. सीएसव्हीची (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या साध्या फाइलची) शेवटची ओळ ‘४८५०’ ऐवजी ‘४८’ वर तुटली तरी तो आकडाच असतो, आणि वाचणारं ॲप ४८ रुपये भाव मुकाट्यानं नोंदवून टाकतं. एक्सएमएलमध्ये बंद करणारा टॅग आला नाही की फाइलच बाद. १९९८ च्या पहिल्या प्रमाणापासून नियम आहे की अशी चूक दिसल्यावर पार्सरनं (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामनं) पुढचा मजकूर ‘सांभाळून घेऊन’ द्यायचा नाही. तुटलेलं जेसनही (डेटा पाठवायचा दुसरा, हलका प्रकार) पार्सर नाकारतो, त्यामुळं एवढ्या एका मुद्द्यावर एक्सएमएल निवडायची गरज नाही. पण एक खाच आहे. मोठी फाइल ओळीनं वाचणारा पार्सर (पीएचपीत एक्सएमएलरीडर) वापरला तर चूक शेवटी कळते, तोवर आधीच्या पट्ट्या डेटाबेसात गेलेल्या असतात. म्हणून आलेली फाइल आधी डिस्कवर उतरवा, पूर्ण वाचून स्कीमाला (फाइलचे नियम लिहिलेल्या आराखड्याला) लावून तपासा, मगच एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या होतील, नाहीतर एकही नाही, अशा) नोंदी करा.

स्कीमा, म्हणजे एक्सएसडी, हा या व्यवस्थेचा कणा. तो नसेल तर एक्सएमएल वापरण्यात फार अर्थ नाही. स्कीमा लावल्यावर पहिल्याच आठवड्यात जे धडाधड नाकारलं जातं त्यात आपल्याकडचे तीन प्रकार हमखास असतात. एक, देवनागरी आकडे. एक्सएसडीच्या दशांश प्रकाराला फक्त इंग्रजी अंक चालतात, ‘४८५०’ असं मराठीत पाठवलं की नकार. दोन, लाखाचे स्वल्पविराम. ‘१,२५,०००’ हा माणसासाठी आकडा आहे, स्कीमासाठी नाही. तीन, तारीख. वर्ष-महिना-दिवस याच क्रमानं हवी, तिरप्या रेघांची चालत नाही. हे तिन्ही नकार चांगले आहेत, कारण पाठवणाऱ्याला तिथल्या तिथं कळतं.

जे स्कीमालाही कळत नाही ते जास्त महाग पडतं. वजन घ्या. काट्यावरचा माणूस ‘१२.५’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात बऱ्याचदा १२ क्विंटल ५ किलो असतं. संगणक १२ क्विंटल ५० किलो समजतो. फरक ४५ किलोचा, ४८५० च्या भावानं २१८२ रुपये ५० पैसे, तेही एका पट्टीत. उपाय साधा आहे: फाइलमध्ये क्विंटल ठेवायचंच नाही. वजन पूर्ण किलोत, एकक ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आत लिहिलेल्या गुणधर्मात), आणि भाव ‘प्रति १०० किलो’ असं स्पष्ट. शेवटी एकूण पट्ट्या आणि एकूण किलो यांचे दोन वेगळे घटक ठेवा. स्कीमा बेरीज करत नाही, ती ॲपनं करून पडताळायची.

ओलाव्याचंही तसंच. मोजला नाही आणि शून्य निघाला यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हमीभावाच्या खरेदीला सोयाबीनमध्ये ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे, त्यामुळं या रकान्यावर माल परत जाऊ शकतो. रिकामा टॅग पाठवला तर दशांश प्रकार तो नाकारतो, म्हणून प्रोग्रामर वैतागून तिथं शून्य भरतात. तसं करू नका. घटक ऐच्छिक ठेवा आणि मोजमाप नसेल तर तो टॅगच पाठवू नका.

आता मराठी नावं. इथं एक्सएमएल निर्दोष आहे, पण त्रास इथंच सर्वांत जास्त होतो. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव तीन तऱ्हांनी टाइप होतं: थेट ऱ हे अक्षर वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक घालून. स्क्रीनवर तिन्ही सारखीच दिसतात. पार्सर यांना एकसारखं करत नाही, त्यामुळं एकाच शेतकऱ्याची गिरणीकडं तीन खाती उघडतात. युनिकोडचं एनएफसी रूप (समतुल्य लेखनांसाठी ठरलेलं एकच रूप) केलं की पहिली दोन एक होतात. तिसरं होत नाही, कारण युनिकोडच्या हिशोबानं ते समतुल्यच नाही. म्हणून एनएफसी केल्यावर ‘र, हलन्त, जोडक’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ असा बदल स्वतः लिहावा लागतो. हे रूप फक्त तुलनेसाठी वेगळ्या रकान्यात ठेवा, छापायला मूळ नावच वापरा. लांबीची मर्यादा घालतानाही जपून: स्कीमा अक्षरचिन्हं मोजतो, काही डेटाबेस बाइट मोजतात. ‘कुऱ्हाडे’ स्कीमाच्या लेखी ८, पण यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये भरलेली नावं अजून कित्येक दुकानांत आहेत. ती फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून येतात आणि एक्सएमएलच्या दृष्टीनं पूर्ण बरोबर ठरतात. स्कीमाच्या पॅटर्नमध्ये ‘फक्त देवनागरी ब्लॉक’ असं सांगता येतं, ते सांगा. सोबत जागा, टिंब आणि तो जोडक यांना परवानगी द्या, नाहीतर चांगली नावं अडकतील.

गावाचं आणि जिल्ह्याचं नाव ओळख म्हणून कधीच वापरू नये. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही जिल्ह्यांची नावं आली. ज्या स्कीमात जुन्या नावांची ठरलेली यादी होती, त्यात नव्या नावाची प्रत्येक पट्टी अडकणारच. पिंपरी आणि पिंपळगाव तर तालुक्यातालुक्यांत आहेत. स्थानिक शासन निर्देशिकेतला (एलजीडी, सरकारी गाव-कोडांची यादी) गावाचा कोड पाठवा, नाव सोबत वाचण्यापुरतं.

नेट गेलं आणि उत्तर आलं नाही की पट्टी पोचली की नाही ते कळत नाही. माणूस पुन्हा बटण दाबतो. म्हणून अडत्याचा परवाना क्रमांक, आर्थिक वर्ष आणि पट्टी क्रमांक मिळून एकमेव ओळख ठरवा. वर्ष विसरलात तर १ एप्रिलला क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात आणि नवी पट्टी ‘आधीच आली आहे’ म्हणून परत जाते. तीच पट्टी दुसऱ्यांदा आली तर एरर न देता पहिलंच उत्तर परत द्यावं.

बारीकसारीक पण वेळखाऊ गोष्टी: फाइल हातानं अक्षरं जोडून बनवू नका, लायब्ररीचा रायटर वापरा. ‘आणि सन्स’ ऐवजी ‘& सन्स’ असलेलं एक दुकान सगळी फाइल पाडतं. दोनदा एस्केप (& ऐवजी & लिहिणं) झालं तर छापील पट्टीत & च्या मागं ‘एएमपी;’ असं शेपूट येतं. पीएचपी फाइलच्या सुरुवातीला एक रिकामी ओळ राहिली तरी एक्सएमएलची घोषणा पहिल्या जागेवरून सरकते आणि पार्सर नकार देतो. डीफॉल्ट नेमस्पेस (सगळ्या टॅगांच्या नावांना लागू होणारा पत्ता) असेल आणि तो एक्सपाथला (टॅग शोधायच्या भाषेला) नोंदवला नसेल, तर एररही येत नाही आणि पट्टीही सापडत नाही, शून्य नोंदी मिळतात. ‘फाइल रिकामी आली’ अशी तक्रार आली की आधी हेच पाहा.

सुरक्षेत तडजोड नको. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये डॉक्टाइप (सुरुवातीची घोषणा, जिच्यात एंटिटी म्हणजे मजकुराची लघुनावं ठरवता येतात) दिसला की फाइल परत करा, पट्टीला त्याची गरज नाही. त्यातून सर्व्हरवरच्या फाइली वाचता येतात, किंवा छोट्या मजकुराचा गुणाकार करून मेमरी संपवता येते. लिबएक्सएमएल (पीएचपी वापरतं ती एक्सएमएल लायब्ररी) २.९ पासून बाहेरच्या एंटिटी आपोआप उघडत नाहीत, पण ‘नोएंट’ नावाचा पर्याय दिला की उघडतात. नावावरून उलट वाटतं, म्हणून जुन्या कोडमध्ये तो शोधून काढून टाका.

दर मिनिटाला बदलणारे भाव मोबाइलवर दाखवायचे असतील तर मात्र जेसनच घ्या. तिथं दोन-तीन आकड्यांसाठी टॅगांचा बोजा आणि स्कीमाची तपासणी परवडत नाही. दोन्ही ॲपमध्ये आता भाव जेसननं जातात आणि पट्टी एक्सएमएलनं. स्कीमात नवा रकाना घालायचा झाला तर तो ऐच्छिक आणि क्रमानं शेवटी घाला. सक्तीचा केलात तर जुनं ॲप असलेल्या प्रत्येक दुकानाची फाइल दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत यायला लागते.