ए७ मार्क ४ की खिशातला आरएक्स१००?

मावसभाऊ विचारतोय, लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी पण घ्यायच्यात आणि ट्रेकला पण न्यायचाय, तर सोनीचा ए७ मार्क ४ (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेऊ की आरएक्स१०० मार्क ७ (खिशात मावणारा छोटा कॅमेरा).

वजनात तुलनाच नाही रे. ए७ ची बॉडी (लेन्सशिवाय नुसता कॅमेरा) ६५८ ग्रॅम, वर २४-७० एफ २.८ जीएम टू ही झूम लेन्स ६९५, हे गळ्यात अडकवून हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढून दाखव. आरएक्स ३०२ ग्रॅम, २४ ते २०० मिमीचा झूम, म्हणजे जवळच्या रुंद दृश्यापासून लांबच्या फोटोपर्यंत, त्यातच. पण धूळ-पावसाला जपावा लागतो, बाहेर येणाऱ्या लेन्समधून धूळ आत गेली की सेन्सर (फोटो टिपणारी चिप) घरी साफ करता येत नाही.

खरा फरक अंधारात. ए७ चा सेन्सर क्षेत्रफळाने सातपटीहून मोठा. मंगल कार्यालयात अंतरपाट सरकतो तेव्हा लाइट बेताचाच, आरएक्स झूम केला की एफ ४.५ वर येतो, म्हणजे लेन्समधून लाइट कमी आत येतो, मग आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची सेटिंग) ६४०० पर्यंत वाढवावा लागतो आणि फोटोत अक्षता कुठल्या नि नॉइज (दाणेदार ठिपके) कुठला ते कळत नाही. शिवाय ए७ ला दोन मेमरी कार्डं, म्हणजे एक बिघडलं तरी फोटो दुसऱ्यावर राहू शकतात, आरएक्सला एकच, आणि लग्नात रीटेक नसतो. बॅटरी सीपा (कॅमेरा कंपन्यांची संघटना) टेस्टने स्क्रीनवर ५८० फोटो विरुद्ध २६०.

खर्चात ए७ नुसता बॉडीवर थांबत नाही, लेन्स, कार्डं, बॅग, सगळं वेगळं.

पैसे घेऊन काम करणार असशील तर ए७ च, सुरुवातीला लेन्स भाड्याने आण. फक्त ट्रेक, घरचे कार्यक्रम, प्रवास एवढंच असेल तर आरएक्स, तोही सेकंडहँड चांगला मिळाला तर.