जळालेली पॉवर बँक मी माझ्याच हाताने देऊन टाकली

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील ज्या टॉवेल कारखान्यात मी एकोणीस वर्षे हिशेब लिहितो, तेथे ११ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी माझ्या टेबलावर मोबाइलला जोडलेली पॉवर बँक फुगू लागली आणि ती बाहेर फेकावी म्हणून मी उचलताच हातात पेटली. उजवा तळहात आणि अंगठा खोलवर भाजला. सहा दिवस रुग्णालयात गेले, ४७,३०० रुपये बिल झाले आणि अंगठा अजूनही पूर्ण मिटत नाही. एवढे पुरेसे नव्हते म्हणून की काय, पुढच्या तीन आठवड्यांत भरपाई मिळवून देण्याच्या नावाखाली माझ्याकडून ३८,६६० रुपये आणि माझ्या दाव्याचा मुख्य पुरावा, दोन्ही नेण्यात आले.

त्या मॉडेलचा तो लॉट कंपनीने दोन महिन्यांपूर्वीच परत मागवला होता, हे मला रुग्णालयात पुतण्याने सांगितले. नवी पेठेत १,४९९ रुपयांना घेतलेल्या वस्तूचा खोका मी केव्हाच टाकून दिला होता. ग्राहक सेवेचा क्रमांक खोक्यावर छापणे बंधनकारक असते, म्हणून खोका जपून ठेवावा, हे शहाणपण मला आता आले. मी इंटरनेटवर शोध घेतला आणि सर्वांत वर दिसलेला क्रमांक फिरवला. फोन मीच केला होता, त्यामुळे पलीकडचा माणूस खोटा असेल अशी शंका मनात आली नाही. त्याच जूनमध्ये अमेरिकेत अँकर कंपनीने पॉवरकोअर १०००० या मॉडेलच्या ११ लाखांहून अधिक पॉवर बँका परत मागवल्याची बातमी मी वाचलेली होती. माझी पॉवर बँक दुसऱ्या कंपनीची होती. पण कंपन्या आपली चूक मान्य करून ग्राहकाला शोधतात, एवढे त्या बातमीतून डोक्यात बसले होते.

त्या माणसाने मला ‘कायदेशीर विभागा’कडे जोडून दिले. तेथील गृहस्थ अदबीने बोलत होते, ‘सर, हाताची हालचाल कशी आहे?’ अशी चौकशी करत होते, आणि ६,४०,००० रुपयांची भरपाई मंजूर होण्यासारखी आहे असे त्यांनी सांगितले. २६ ऑगस्टला नोंदणीचे २,३६० रुपये आणि २९ ऑगस्टला प्रयोगशाळा तपासणीचे ११,८०० रुपये मी भरले. दोन्ही रकमांत १८ टक्के जीएसटी बरोबर लावलेला होता आणि पावत्या नेटक्या होत्या. कारखान्याच्या प्रत्येक व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक मी पोर्टलवर तपासून घेतो. या पावत्यांवरचा मात्र तपासला नाही. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो; पावत्यांवर १४ च अक्षरे होती, हे मी पैसे गेल्यानंतर मोजले.

तरीही ज्या क्षणाची मला रोज आठवण येते तो याच्या नंतरचा आहे. जळालेली पॉवर बँक आणि मूळ बिल तपासणीसाठी कुरियरने पाठवा, असे मला सांगण्यात आले. १ सप्टेंबरला मी सात रस्त्याजवळच्या एका कुरियरवाल्याकडे गेलो. पिशवीत काय आहे हे ऐकताच काउंटरवरच्या मुलाने ती परत सरकवली आणि म्हणाला, “जळालेली बॅटरी आम्ही घेत नाही ओ काका, असलं पार्सल विमानात चढत नाही. कुठली कंपनी मागतीय हे तुमच्याकडं?” त्या मुलाने प्रश्न अगदी नेमका विचारला होता. पॉवर बँका विकणाऱ्या कंपनीला खराब लिथियम बॅटरी अशी पाठवता येत नाही हे ठाऊक असायलाच हवे होते. मी तेथेच थांबून विचार करायला हवा होता. त्याऐवजी मी बाहेर येऊन त्या गृहस्थांना फोन लावला आणि तक्रारीच्या सुरात सांगितले की कुरियरवाले घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला पंचविशीतला एक मुलगा मोटारसायकलवर कारखान्याच्या फाटकाशी आला. उजव्या हाताला पट्टी असल्यामुळे मी त्याच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा उमटवला आणि पिशवी त्याच्या स्वाधीन केली. घरी पत्नीने विचारले, “अहो, त्याची पोच तरी घेतलीत का?” मी घेतली नव्हती.

पिशवी त्यांना कशासाठी हवी होती, ते ४ सप्टेंबरला कळले. न्यायालय शुल्काचे २४,५०० रुपये आजच भरा, अन्यथा दावा बंद होईल आणि नमुना नष्ट केला जाईल, असे मला बजावण्यात आले. माझा पुरावा त्यांच्या ताब्यात असल्यामुळे मी पैसे भरले. ६ सप्टेंबरपासून फोन बंद आहे.

यातले एक पैचेही शुल्क लागत नव्हते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकावर, आणि ठरावीक परिस्थितीत विक्रेत्यावरही, उत्पादन दायित्वाचा दावा करता येतो. वस्तू परत मागवली एवढ्याने कंपनी या दायित्वातून सुटत नाही. जिल्हा ग्राहक आयोगातील शुल्क मागितलेल्या भरपाईवर नसून वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते आणि ५ लाखांपर्यंतच्या किमतीला ते शून्य असते. माझी वस्तू १,४९९ रुपयांची होती. कंपनी परगावची असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. नमुन्याची तपासणी आवश्यक असेल तर आयोगच तो प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि तिचे शुल्क लागलेच तर आयोगात भरायचे असते. तेव्हा जळालेली वस्तू कोणाच्याही हाती देऊ नका, मग तो कंपनीचा खरा माणूस का असेना. धातूच्या डब्यात वाळू घालून ती घराबाहेर सुरक्षित ठेवा आणि मॉडेल व अनुक्रमांक वाचता येतील असे फोटो काढा.

लाजेपायी मी नऊ दिवस गप्प बसलो, ही चूक माझी आहे. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी केला तेव्हा खाते रिकामे झालेले होते. परंतु १५ सप्टेंबरपासून जे चालले आहे, ती चूक माझी नाही. पैसे घरी बसून भरले म्हणून मी घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. वस्तू एमआयडीसीत दिली, तिकडे जा, असे मला सांगण्यात आले. तिकडच्या ठाण्यात, व्यवहार मोबाइलवरून झाला, तो तुमच्या घराच्या हद्दीत येतो, असे उत्तर मिळाले. मी पाच वेळा गेलो. तिसऱ्या खेपेला एका हवालदाराने, “शिकलेली माणसं तुम्ही, अंगठा कशाला दिलात?” असे दहा माणसांसमोर विचारले. पट्टी बांधलेला हात मी त्याच्यासमोर धरला, तरी त्याने मान वर केली नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापून नेले. तो कागद बाजूला ठेवून मला पुन्हा सोमवारी बोलावण्यात आले. बँकेने ‘व्यवहार ग्राहकाने स्वतः केला आहे’ हे एकच वाक्य दोनदा पाठवले. ज्याने लुबाडले त्याने निदान हाताची विचारपूस केली होती. यांच्यापैकी कोणीही केली नाही.

ठाण्यात दाद मिळाली नाही तर तक्रार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी स्वरूपात टपालाने पाठवता येते. तशी मी पाठवली आहे आणि पोचपावती जपली आहे. सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मी तेथे सर्वांत शेवटी फोन केला. पुतण्याने रुग्णालयात काढलेल्या एका फोटोत पॉवर बँकेचा अनुक्रमांक निम्मा तरी वाचता येतो आणि बिलाचा फोटोही मोबाइलमध्ये सापडला आहे. रुग्णालयाच्या कागदांसह तेवढ्यावर कंपनीविरुद्धची तक्रार मी लिहून काढत आहे. २ सप्टेंबरच्या सुमारास अशीच जळालेली किंवा परत मागवलेली वस्तू सोलापुरात आणखी कोणाकडून नेली असेल, तर त्यांनी कृपया आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तेथून उठू नये.