फिरत्या रोबोटांसाठी क्लाउड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने चाकण परिसरातील एका कारखान्यात सुटे भाग वाहून नेणारे चार रोबोट आम्ही क्लाउडच्या आधाराने चालवत आहोत. प्रत्येक रोबोटवर एक छोटा संगणक, त्यावर रॉस २ (रोबोटचे प्रोग्राम लिहिण्याची आणि एकमेकांशी जोडण्याची मुक्त सॉफ्टवेअर प्रणाली), आणि जड गणितासाठी मुंबईतील डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेले सर्व्हर, अशी ही रचना आहे. तिने आमचे बरेच श्रम वाचवले. मात्र कोणते काम क्लाउडकडे द्यायचे हे ठरवण्यात आम्ही सुरुवातीला चुकलो.

समोरची वस्तू ओळखण्याचे कामच आम्ही आधी क्लाउडवर टाकले होते. ६४० बाय ४८० आकाराची रंगीत चित्रे सेकंदाला ३० या गतीने जशीच्या तशी पाठवायची, तर एका कॅमेऱ्याला सुमारे २२० मेगाबिट प्रतिसेकंद लागतात. व्हिडिओ संकुचित केल्यावर हा आकडा आवाक्यात आला आणि सरासरी विलंबही समाधानकारक दिसू लागला. त्या सरासरीवर आम्ही विश्वास ठेवायला नको होता. रोबोट लोखंडी रॅकच्या मागे गेला, किंवा वाय-फायच्या एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाऊ लागला, की उत्तर यायला कधीकधी अर्धा सेकंद लागे, आणि सेकंदाला १.२ मीटर वेगाने जाणारा रोबोट तेवढ्यात ६० सेंटिमीटर पुढे गेलेला असे. एकदा वाटेत कोणीतरी ट्रॉली उभी केली होती. सुरक्षेचा लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) थेट मोटरच्या नियंत्रकाला जोडलेला होता, म्हणूनच रोबोट हातभर अंतरावर थांबला. त्याच आठवड्यात वस्तू ओळखणे आणि अडथळा टाळणे ही दोन्ही कामे आम्ही रोबोटवर परत आणली. या बाबतीत माझे मत आता ठाम आहे: चाक थांबवण्याचा निर्णय रोबोटच्या बाहेर जाता कामा नये.

जोडणीतही वेळ गेला. रॉस २ मधील नोड (स्वतंत्र चालणारे छोटे प्रोग्राम) एकमेकांना शोधण्यासाठी सहसा मल्टिकास्ट (एकच संदेश एकाच वेळी अनेकांना पाठवण्याची पद्धत) वापरतात, आणि क्लाउडच्या आभासी नेटवर्कपर्यंत तो साधारणपणे पोहोचत नाही. व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी) आणि झेनो या संदेशवहन प्रणालीचा ब्रिज वापरून, फक्त निवडक टॉपिक (एकेका विषयाचे संदेश) पुढे पाठवायला लागल्यावर हा प्रश्न सुटला.

खरा लाभ झाला तो सामायिक नकाशाचा. रोबोटिक्सचे संशोधक जेम्स कफनर यांनी २०१० मध्ये क्लाउड रोबोटिक्स ही संज्ञा मांडली, आणि त्याच सुमारास युरोपात सुरू झालेल्या रोबोअर्थ प्रकल्पाचा गाभाही हाच होता की एका रोबोटने शिकलेले इतरांना मिळावे. आमच्याकडे त्याचे रूप साधे आहे. एका रोबोटला पॅलेट रचल्यामुळे बंद झालेली गल्ली दिसली, की ती नोंद क्लाउडवरील नकाशात जाते आणि उरलेले तिघे तिथे न जाता दुसरी वाट धरतात. पूर्वी चारही रोबोट एकामागून एक त्याच गल्लीत जाऊन परत फिरत, आणि जुळणी विभागातील माणसांना ताटकळावे लागे. नकाशा दोन सेकंद उशिरा आला तरी काही बिघडत नाही, म्हणून हे काम क्लाउडला शोभते. रात्री चार्जिंगच्या वेळी दिवसभराच्या बॅग फाइल (रॉसने साठवलेल्या सेन्सरच्या आणि संदेशांच्या नोंदी) वर चढवून, त्यांतील चुकलेल्या प्रसंगांवर वस्तू ओळखणाऱ्या मॉडेलला पुन्हा प्रशिक्षण देणेही तिथेच सोयीचे पडते.

खर्चाबाबत एवढेच सांगतो की डेटा वर चढवण्यापेक्षा खाली उतरवण्याचे शुल्क जाणवते, आणि जीपीयूचा (असे जड गणित वेगाने करणाऱ्या चिपचा) सर्व्हर प्रशिक्षण संपताच आपोआप बंद होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. एका पुरवठादाराच्या खास सेवेत सर्वस्वी गुंतूही नये. ॲमेझॉनची २०१८ मध्ये आलेली, रोबोटांच्या सिम्युलेशनसाठीची रोबोमेकर ही सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. आमचे सिम्युलेशन (रोबोटांची संगणकावरची आभासी चाचणी) गझीबो या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, साध्या कंटेनरमध्ये (गरजेच्या सगळ्या फाइलींसह बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यात) आहे, ते कुठेही हलवता येते.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पाळी सुरू होण्यापूर्वी, आम्ही बाहेरची जोडणी मुद्दाम तोडतो. रोबोटांनी शेवटच्या नकाशावर हातातील फेरी पूर्ण करून चार्जिंगच्या जागी परत यावे, अशी अपेक्षा असते. गेल्या तीन चाचण्यांत चौघेही परत आले. त्याआधीच्या चाचणीत एक रोबोट दारातच थांबून राहिला होता, कारण दार उघडण्याची परवानगी तोवर क्लाउडकडून येत होती.