प्रोफेसरशी थेट करार की नेटवर्क? व्यसनमुक्ती क्लिनिकने कुणाबरोबर जावं

क्लिनिकला संशोधनात उतरायचंच आहे, असं धरून चालतो. अमेरिकेत आपल्यासारख्यांपुढे सहसा दोन वाटा असतात: विद्यापीठातल्या एखाद्या संशोधकाशी थेट करार, नाहीतर नायडाच्या (अमेरिकी सरकारची व्यसनांवर संशोधन करणारी संस्था) क्लिनिकल ट्रायल्स नेटवर्कमध्ये एखाद्या नोडमार्फत, म्हणजे त्याच्या विभागीय केंद्रामार्फत, शिरणं. आम्ही दोन्ही करून बसलोय.

वेगाच्या बाबतीत थेट करार सरस. फोन केला की निर्णय घेणारा माणूसच बोलतो. नेटवर्क 1999 पासूनचं, रुळलेलं, आणि म्हणूनच संथ. समित्या, मंजुऱ्या, पुन्हा समित्या. आमच्याकडे हौसेनं ट्रेनिंग घेतलेले काही काउन्सेलर स्टडी सुरू होईपर्यंत नोकरी बदलून गेलेसुद्धा. पैशांचं म्हणाल तर फारसा फरक जाणवला नाही. फ्रंट डेस्कची धावपळ कुणाच्याच बजेटमध्ये नसते.

माझ्यापुरता निकाल लावला तो प्रश्नावलीनं. पेशंट विथड्रॉवलमध्ये, म्हणजे नशा बंद झाल्यावरच्या त्रासात, येतो. नाक गळतंय, घाम फुटलाय, पाय एका जागी ठरत नाहीत. आमची काउन्सेलर इंटेक, म्हणजे दाखल होतानाची माहिती, घेते; त्यात ॲडिक्शन सिव्हेरिटी इंडेक्स, म्हणजे व्यसनाची तीव्रता मोजणारी लांबलचक प्रश्नावली, आलाच. तासभर तरी जातो. मग शेजारच्या खोलीत रिसर्च असिस्टंट तेच सगळं पहिल्यापासून काढते. अटक कधी झाली होती, घरच्यांशी बोलणं आहे का, मागच्या तीस दिवसांत किती दिवस घेतलं. “आत्ताच तर सांगितलं की त्यांना!” असं म्हणून एकजण उठला, तो परत आलाच नाही. थेट करारात आम्ही हे बदलायला सांगितलं, तर उत्तर आलं की ग्रँट मंजूर झालीय, आता फॉर्मला हात लावता येणार नाही. त्यांच्या जागी ते बरोबरच असतील.

नेटवर्कमध्ये फॉर्म कमी असतात असं नाही, उलट जास्तच. पण प्रोटोकॉल, म्हणजे स्टडीचा आराखडा, ठरताना क्लिनिकची माणसंही चर्चेत असतात. हीच तक्रार तिथे मांडली, तेव्हा मुलाखतीचा अर्धा भाग औषध सुरू झाल्यानंतरच्या भेटीत गेला. एवढ्यानं पेशंट टिकले, असं निदान आमच्या काउन्सेलरचं तरी म्हणणं आहे.

शिवाय नेटवर्कचे प्रश्न आपल्या रोजच्या कामातले वाटतात. नेटवर्कचीच एक्स-बॉट ही स्टडी घ्या, ओपिऑइडच्या (हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांच्या) व्यसनावरच्या दोन औषधांची तुलना करणारी: 8 ठिकाणं, 570 पेशंट, एका बाजूला महिन्यातून एकदा ओपिऑइडचा परिणाम रोखणाऱ्या नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन, दुसऱ्या बाजूला ओढ आणि त्रास कमी करणारी रोजची ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्झोन. एकदा सुरू झाल्यावर दोन्ही जवळपास सारखीच ठरली. पण नाल्ट्रेक्सोन 72 टक्क्यांनाच सुरू करता आलं, ब्युप्रेनॉर्फिन 94 टक्क्यांना, कारण नाल्ट्रेक्सोनआधी शरीरातून ओपिऑइड पूर्ण जावं लागतं आणि तेवढे दिवस सगळ्यांना निभत नाहीत. पेशंट कुठे गळतो हे असं आकड्यांत दिसणं मला मोलाचं वाटतं. एकट्या प्रोफेसरला एवढी संख्या जमवणं अवघडच.

अर्थात क्लिनिक छोटं असेल, डॉक्टर एकच असेल, तर थेट करार वाईट नाही. फक्त स्टडी संपल्यावर औषध कोण देणार, ते लिहून घ्या. मला आज पुन्हा निवडायचं झालं तर उशीर गृहीत धरूनही मी नेटवर्ककडेच झुकेन. कुठेही जा, सही करण्याआधी फॉर्मचा अख्खा गठ्ठा मागवा आणि आपल्याच एखाद्या काउन्सेलरला समोर बसवून, घड्याळ लावून, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून घ्या.